हेडलाइटच्या काचेआड धरलेली वाफ: कधी सोडून द्यायची, कधी दिवा उतरवायचा

पावसाळा लागला की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते: हेडलाइटमध्ये पाणी गेलंय. त्यातल्या बऱ्याच दिव्यांत पाणी गेलेलंच नसतं, आतून नुसती वाफ धरलेली असते. आणि ज्यांत खरोखर पाणी शिरलेलं असतं, त्यांतल्या कित्येकांना आधीच कुणीतरी चहूबाजूंनी सिलिकॉन फासून ठेवलेलं असतं. पहिल्या दिव्यावर विनाकारण खर्च होतो, दुसऱ्याचं दुखणं उपायानेच वाढतं. दोन्हींचं मूळ एकच आहे. हेडलाइट हवाबंद डबा असतो असं आपण धरून चालतो, आणि तो तसा नसतो.

दिवा लागला की आतली हवा तापते आणि फुगते. साधा हॅलोजन बल्ब ५५ ते ६० वॉटचा असतो आणि त्यातली बहुतेक वीज उष्णतेतच जाते. समजा दिव्याच्या आत दहा लिटर जागा आहे आणि आतली हवा ३० अंश सेल्सिअसवरून ७० अंशांवर गेली. तर हवा साधारण १३ टक्के फुगते, म्हणजे सव्वा-दीड लिटर हवेला बाहेर पडायला वाट लागते. दिवा विझून थंड झाला की तेवढीच हवा परत आत यावी लागते. यासाठी दिव्याच्या मागच्या बाजूला श्वासनळ्या ठेवलेल्या असतात. कुठे काटकोनात वळलेली रबरी नळी असते, कुठे आत आडवळणं असलेली प्लास्टिकची टोपी, कुठे फोमचा तुकडा. अलीकडच्या बऱ्याच दिव्यांत नाण्याएवढा पातळ पडदा चिकटवलेला असतो. त्यातून हवा आणि वाफ जाते, पाण्याचा थेंब आणि धूळ जात नाही.

आता ही वाट बुजवली तर काय होतं ते पाहा. तापलेला दिवा थंड होताना आतली हवा आकसते, पण भरपाईची हवा यायला जागा नसते. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे ०.१२ बारने कमी होतो. हे ओढणं १.२ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढं आहे. एवढ्या जोराने दिवा कुठून तरी श्वास घेणारच: काचेच्या सांध्यातून, बल्बच्या रबरातून, वायरच्या भोकातून. त्या जागी पावसाचं पाणी साचलेलं असेल तर तेच आत येतं. म्हणून मागची नळी दिसली की ‘इथूनच पाणी जातंय’ म्हणून तिच्यात एम-सील किंवा सिलिकॉन भरणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे.

थेंबभर पाण्याची गोष्ट

बाहेरची दमट हवा रोज आत-बाहेर करते, तेव्हा तिच्यासोबत पाणीही येतं. किती? सावंतवाडीत दुपारी ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर दहा लिटर हवेत जवळजवळ पाव ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे काच त्याहून थोडी जरी गार झाली की दव धरायला लागतं. तीच गाडी आंबोलीचा घाट चढून २० अंशांच्या पावसात उभी राहिली, तर त्या हवेला ०.१७ ग्रॅमच पाणी धरता येतं. उरलेलं ०.०७ ग्रॅम काचेवर बसतं. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंब ०.०५ ग्रॅमचा धरला तर हे झाले दीड थेंब. पण तो दीड थेंब सगळ्या काचेवर बारीक कणांनी पसरला की काच दुधाळ दिसते आणि मालकाच्या पोटात गोळा येतो.

हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण निदान त्यावरच ठरतं. नुसत्या हवेतून येणारं पाणी एक-दोन थेंबांचं असतं. दिव्याच्या तळाशी चमचाभर पाणी हलताना दिसत असेल तर ते हवेतून आलेलं नाही, रस्त्यावरून किंवा पाइपमधून आलेलं आहे.

आणखी एक साठा आहे, तो सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. आपण सवयीने ‘काच’ म्हणतो, पण ती पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते. जुन्या ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच होती आणि काच पाणी पीत नाही. पॉलिकार्बोनेट पितं. साध्या दमट हवेत वजनाच्या ०.१५ टक्के, आणि सतत पाण्यात राहिलं तर ०.३ टक्क्यांच्या घरात. सातशे ग्रॅमच्या काचेत हे एक ते दोन ग्रॅम होतं. म्हणजे आतल्या हवेत जेवढं पाणी आहे त्याच्या कितीतरी पट पाणी प्लास्टिकमध्ये मुरलेलं असतं. दिवा तापला की ते सुटतं आणि आत येतं. दिवा नीट सुकवला, बंद केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ धरली, तर काम फसलं असं लगेच समजू नका. प्लास्टिक कोरडं व्हायला दोन-चार दिवस लागतात.

वाफ नेमकी खालच्या कोपऱ्यातच का धरते? दव सगळ्यांत गार जागी पडतं. दिव्याची मागची बाजू इंजिनच्या उबेत असते, पुढची काच वाऱ्या-पावसात. त्यातही टोकाच्या चिंचोळ्या कोपऱ्यात आतली हवा फिरत नाही, म्हणून वाफ तिथे आधी येते आणि शेवटी जाते. थंडीत, नाशिककडच्या निरभ्र रात्री, उघड्यावर लावलेल्या गाडीची काच आकाशाकडे उष्णता फेकून भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते. त्यामुळे पाऊस नसताना डिसेंबरातही सकाळी वाफ दिसते. त्यात बिघाड काही नाही.

एलईडी दिवे आल्यापासून या तक्रारी वाढल्या, याचंही कारण सरळ आहे. हॅलोजन बल्ब प्रकाशासोबत भरपूर उष्णता समोर फेकतो आणि काच आतून शेकून निघते. एलईडी वीज कमी घेतो आणि त्याची उष्णता मागच्या धातूच्या पंख्यांसारख्या पात्यांत जाते. काच गारच राहते. म्हणून हॅलोजनमध्ये अर्ध्या तासात जाणारी वाफ एलईडीत तासन् तास रेंगाळू शकते. दिवसा फक्त डीआरएल (दिवसा लागणारी बारीक दिव्यांची पट्टी) लावून गाडी चालवली तर तिच्याने काच मुळीच तापत नाही.

वाफ की गळती?

आधी दोन्ही दिवे शेजारी-शेजारी पाहा. दोन्हींत साधारण सारखीच, बारीक, धुक्यासारखी वाफ असेल आणि बोट फिरवलं असतं तर ओघळ आला नसता इतकी पातळ असेल, तर ती हवेतली वाफ. एकाच दिव्यात असेल तर त्याच दिव्यात काहीतरी वेगळं घडलंय. यातून फक्त एक अपवाद काढायचा: एका बाजूला भिंत किंवा झाड आणि दुसरी बाजू उघडी अशी गाडी रोज लागत असेल तर थोडा फरक पडतो.

मग वेळ मोजा. हॅलोजन असेल तर गाडी मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवून उभी करा आणि लो बीम अर्धा तास लावा. इंजिन चालू ठेवायचं ते बॅटरीसाठी. दोन बल्ब मिळून नऊ-दहा अँपिअर ओढतात. वाफ बल्बसमोरून मागे सरत गेली आणि कोपऱ्यात थोडी उरली तर दिवा ठणठणीत आहे. एलईडीला हाच न्याय लावू नका. त्याला दोन कोरडे, उन्हाचे दिवस द्या आणि रोजच्यासारखी गाडी चालवा.

मोठे थेंब, काचेवरून उतरलेले ओघळ, तळाशी साचलेलं पाणी, सुकल्यावर राहिलेली पांढरी किंवा मातकट रेघ: यातलं एकही दिसलं तर ती गळती. विशेषतः मातकट रेघ. वाफेतून आलेल्या पाण्यात माती नसते. त्यामुळे दिवा आज कोरडा दिसत असला तरी ती रेघ सांगते की रस्त्याचं पाणी इथपर्यंत चढलं होतं.

पाणी येतं कुठून

बहुतेक वेळा मागच्या झाकणातून. रात्री रस्त्यात बल्ब बदलला, झाकण नीट बसलं नाही किंवा बंपरच्या पोकळीत पडून राहिलं, आणि पुढचा सगळा पावसाळा दिव्याची पाठ उघडी. एच-४ बल्बच्या (लो आणि हाय बीम एकाच बल्बमध्ये असलेल्या) मागच्या रबरी बुटावर ‘टॉप’ असं उठवलेलं असतं. ती बाजू वर आणि मधली कड बल्बच्या तीन पायांभोवती घट्ट बसलेली हवी. पिळून बसवायच्या गोल झाकणात रबराची रिंग असते. ती चपटी झालेली असेल, तडकलेली असेल किंवा खाचेतून बाहेर आली असेल तर नवी घाला. तशीच बारीक रिंग इंडिकेटरच्या होल्डरला आणि दिवा वर-खाली करणाऱ्या मोटरला असते. तिकडे फारसं कुणी बघत नाही, म्हणून मुद्दाम बघा.

बाजारातले एलईडी बल्ब हॅलोजनच्या दिव्यात घालण्याची सध्या लाट आहे. त्या बल्बची मागची बाजू जाड असते, पंखा असतो, आणि मूळ झाकण त्यावर बसत नाही. मग झाकण कापलं जातं, भोक पाडून वायर बाहेर काढली जाते, किंवा झाकणच काढून टाकलं जातं. त्या दिव्यात पाणी आणि धूळ जाणं ही फक्त काही दिवसांची बाब असते. शिवाय हॅलोजनसाठी घडवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये तो प्रकाश नीट एकवटत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. वाफ धरण्याचं कारण हेच असेल तर मूळ बल्ब आणि मूळ झाकण परत लावणं हा एकमेव टिकाऊ उपाय आहे.

वायरही पाणी वाहून आणते. कपलरकडे (बल्बला वायर जोडणाऱ्या प्लगकडे) येणारी वायर वरून खाली उतरत असेल तर तिच्यावरून ओघळणारं पाणी थेट होल्डरवर येतं. वायर आधी दिव्याच्या खाली झुकून मग वर चढलेली हवी. म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतो. वायर टायने बांधताना एवढी काळजी घेतली तर पुढे कपलरच्या पिना हिरव्या पडत नाहीत. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत, मालवणपासून पणजीपर्यंत, हे हिरवेपण फार लवकर येतं.

यानंतर श्वासनळ्या. चिखल, कोळ्याची जाळी, आणि आपल्याकडे नेहमी सापडणारं म्हणजे कुंभारीण माशीचं मातीचं घर. ती माशी नेमकी पेन्सिलएवढी भोकं शोधते. रबरी नळी ओढून काढा, धुवा, वाळवा आणि परत तोंड खाली करून लावा. पडदा असेल तर त्याला टोचू नका, घासू नका, त्यावर तेल किंवा ग्रीस लागू देऊ नका. फाटलेला किंवा तेलकट झालेला पडदा बदलायचाच.

सांधा आणि तडे शेवटी. काच आणि मागचं काळं प्लास्टिक यांच्यामध्ये खाचेत चिकट पदार्थ भरलेला असतो. वर्षानुवर्षांच्या तापण्या-गार होण्याने तो सुटतो, किंवा ठोकर लागून सुटतो. डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या गाडीत दिव्याचा तुटलेला कान (बोल्टने बसवायचा प्लास्टिकचा पाय) चिकटवलेला असेल तर त्या कानाच्या मुळाशी केसाएवढा तडा शोधा.

सुकवणं

गळती बंद केल्याशिवाय सुकवू नका आणि सुकवल्याशिवाय बंद करू नका. हे दोन्ही कसं साधायचं? आधी गळतीची जागा शोधून ठेवा, मग सुकवा, मग कोरड्या दिव्यावर दुरुस्ती करा.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. बल्ब गार झाल्यावर काढा. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही, लागलं तर स्पिरिटने पुसायचं. मागची सगळी झाकणं काढा. एक उघडी जागा खाली आणि एक वर मिळाली तर गरम हवा आपोआप वर निघते. हेअर ड्रायर कमी उष्णतेवर, १५ ते २० सेंटिमीटर लांबून, वीस-तीस मिनिटं. हात लावून काच कोमट लागली पाहिजे, चटका बसता कामा नये. रंग काढायची हीट गन वापरू नका. तिच्याने काच लाटेसारखी होते आणि मग ती पुन्हा सरळ होत नाही. टायरवाल्याकडची दाबाची हवाही नको: तिच्यात पाण्याचे कण आणि तेल असतं, आणि जोराने आतल्या चकचकीत लेपाचे पोपडे निघतात.

त्या लेपाबद्दल थोडं थांबून सांगावं लागेल. रिफ्लेक्टर म्हणजे प्लास्टिकवर निर्वातात चढवलेला ॲल्युमिनियमचा थर. तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. काडीला कापूस लावून ‘जरा पुसून घेऊ’ म्हणून आत हात घातला की तो थर निघतो आणि तिथे काळा डाग कायमचा राहतो. आत काहीही पुसायचं नाही. साचलेलं पाणी दिवा कलता करून ओतायचं, किंवा सलाइनची नळी लावलेल्या सिरिंजने ओढून घ्यायचं.

सिलिका जेल उपयोगी आहे, पण मर्यादेत. दहा ग्रॅमची पुडी दमट हवेतून दोन-तीन ग्रॅम पाणी घेते, म्हणजे वाफ आणि प्लास्टिकमध्ये मुरलेलं पाणी यांना पुरते; साचलेल्या पाण्याला नाही. पुडी दोऱ्याला बांधून मागच्या उघड्या जागेतून आत सोडा, झाकण तात्पुरतं चिकटपट्टीने बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काढून घ्या. बल्बजवळ पुडी ठेवून दिवा लावायचा नाही. हॅलोजनची काच कागद जाळण्याइतकी तापते. काही कंपन्या स्वतःच दिव्यात अशी पुडी बसवतात, पण ती बल्बपासून दूर, ठरलेल्या कप्प्यात असते. वापरलेली पुडी ११० ते १२० अंशांवर तास-दीड तास तापवली की पुन्हा कामाला येते. पुडीचं आवरण प्लास्टिकचं असेल तर दाणे ताटलीत काढून तापवा.

गळती शोधणं आणि बंद करणं

दिवा गाडीवर असतानाची चाचणी: साध्या पाइपने, धार न मारता, आधी फक्त खालच्या सांध्यावर पाच मिनिटं पाणी सोडा आणि आत बघा. मग बाजू, मग वरचा सांधा, शेवटी बॉनेट बंद करून वरून. खालून वर जायचं, कारण वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि जागा कळत नाही.

एवढ्याने सापडलं नाही तर दिवा उतरवा. सगळी झाकणं लावा, एक सोडून बाकीच्या श्वासनळ्या चिकटपट्टीने बंद करा, आणि उरलेल्या नळीला माशांच्या टाकीला लावतात तो छोटा पंप जोडा. त्याचा दाब या कामापुरता असतो, दिवा फुटायची भीती नाही. सांध्यांवर साबणाचा फेस लावा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. मार्करने खूण करा आणि नळ्यांवरच्या पट्ट्या न विसरता काढा.

बारीक तडा किंवा सांध्याचा थोडा भाग सुटला असेल तर बाहेरून दुरुस्ती टिकते. जागा आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांनी पॉलिकार्बोनेटला आतून जाळीसारखे तडे जातात. विंडशील्ड चिकटवायचं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट दाबून भरा आणि २४ तास हात लावू नका. सिलिकॉनच वापरायचं असेल तर न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना आम्लाची वाफ सोडतं आणि ती रिफ्लेक्टरच्या लेपाला लागते.

पूर्ण सांधा गेला असेल तर दिवा उघडावा लागतो. खाचेत काळा, च्युइंगमसारखा ब्युटाइल (रबरी चिकट पदार्थ) असेल तर ९० ते १०० अंशांच्या भट्टीत आठ-दहा मिनिटांनी तो मऊ होतो आणि काच सावकाश सुटते. जुना थर खरवडून नवी ब्युटाइलची दोरी भरायची, काच दाबून क्लिपा लावायच्या, पुन्हा थोडं तापवून आवळायचं. कडक वाळलेला पीयू असेल तर तो तापवूनही सुटत नाही आणि जोर केला तर काच फुटते. मागचे दिवे बहुतेक वेल्ड केलेले असतात, ते उघडतच नाहीत. आणि एलईडी दिवा भट्टीत घालण्याचा प्रयोग घरी करू नका, त्यातली सर्किटं महाग असतात.

खाली छोटं भोक पाडून पाणी काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पाणी निघतं हे खरं, पण चाकाने उडवलेला चिखल त्याच भोकातून आत येतो, आणि दोन पावसाळ्यांत रिफ्लेक्टर राखाडी पडतो.

गाडी वॉरंटीत असेल तर यातलं काहीच स्वतः करू नका. दिसल्या दिवशी तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा, वेळ मोजल्याची नोंद ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला लेखी द्या. तिथे पोचेपर्यंत वाफ गेलेली असू शकते.

धुताना आणि पाण्यातून जाताना एकच नियम: तापलेला दिवा गार पाण्यात जाऊ देऊ नका. धुण्याआधी दिवे विझवून दहा-पंधरा मिनिटं थांबा. प्रेशर वॉशरची नळी सांध्यापासून किमान अर्धा मीटर लांब धरा, आणि बॉनेट उघडून दिव्याच्या पाठीवर तर मुळीच मारू नका. रस्त्यावर बंपरपर्यंत पाणी चढलेलं असेल तेव्हा श्वासनळीचं तोंड पाण्याखाली जातं, आणि गार होणारा दिवा हवेऐवजी पाणी ओढतो. अशा पाण्यातून यावंच लागलं तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी झाकण उघडून बघा.

रिफ्लेक्टरला पोपडे आले असतील किंवा एलईडीच्या सर्किटवर पांढरट-हिरवा थर धरला असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडून दिवा बदलावा. जुना परत बसवा किंवा नवा, एकदा उतरवला की झोत हलतोच. सपाट जागी, टायरमध्ये बरोबर हवा भरून, भिंतीपासून दिव्याचं अंतर पाच मीटर येईल अशी गाडी उभी करा. जमिनीपासून दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खूण करा. लो बीमची वरची कड त्या खुणेच्या पाच सेंटिमीटर खाली आली पाहिजे. डाव्या टोकाला ती थोडी वर चढते, ते तसंच राहू द्या.